दोन रविवारांची वही : लिनोचा ठसा आणि हातशिलाई शिकवणारी कार्यशाळा कशी घ्यावी

माझी पहिली कार्यशाळा मी जुलैत घेतली आणि सगळं एकाच दिवसात उरकायचं ठरवलं. सकाळी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ शीटवर, ठसा कोरायचा, दुपारी छापायचा, संध्याकाळी त्याच छापील कागदाचं मुखपृष्ठ करून वही शिवायची. बाहेर पावसाची झड लागली होती. पाच वाजता सगळ्यांच्या वह्या शिवून झाल्या, एकावर एक रचल्या, फोटो निघाले. मग वह्या उचलल्या, तर प्रत्येक वहीच्या पाठीवर खालच्या वहीचं चित्र उमटलेलं, फरफटलेलं. एका आजोबांनी नातवासाठी दोन तास खपून मोर कोरला होता, त्याचा नुसता काळा डाग झाला होता. ते काही बोलले नाहीत. वही रुमालात गुंडाळून घेऊन गेले. चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

तेव्हापासून मी ही कार्यशाळा दोन रविवारी घेतो, मध्ये पूर्ण आठवडा सोडून. तेलाची शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. तिच्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं. उन्हाळ्यात त्याला दोनेक दिवस पुरतात, पावसाळ्यात चार-पाच दिवसही लागतात. कार्यशाळेचं वेळापत्रक माणसांच्या सोयीने नाही, शाईच्या सोयीने आखायचं. एवढं पाळलं तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

किती जण, किती सामान

आठ जण घ्या, त्याहून जास्त नको. कोरताना हातात धारदार पातं असतं आणि एका शिकवणाऱ्याची नजर आठ जोड्या हातांवर राहते, बाराव्या जोडीवर राहत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना लिनो देऊ नका. त्यांना भेंडी, बटाटा आणि फोमशीट द्या. फोमवर रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ मारली की तिथे शाई बसत नाही आणि झकास छाप येते. मोठ्यांनाही पहिली वीस मिनिटं भेंडीचे ठसे काढायला सांगा. शाळेत सगळ्यांनी ते केलेले असतात. हसतखेळत हात मोकळे होतात आणि उंच भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो, हे समजावून सांगावं लागत नाही.

लिनोशीट चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. साधारण तीन मिलिमीटर जाडीची, मागे तागाचं कापड असलेली घ्या आणि १० × १४ सेंटिमीटरचे तुकडे कापून ठेवा. माणशी एक, शिवाय दोन-तीन जास्तीचे. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायला केलेलं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६० च्या दशकात जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळून ते बनवलं. जवसाचं तेल वर्षानुवर्षं वाळतच राहतं, म्हणून दुकानात पडून राहिलेली शीट टणक होते. विकत घेताना कोपरा हलकेच वाकवून बघा. भुगा पडला तर ती घेऊ नका. घरी असलेली जराशी कडक वाटली तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखी कापली जाते.

कोरण्याच्या हत्यारांत दोन पाती हवीतच: बारीक रेघेसाठी व्ही आकाराचं आणि मोकळा भाग काढण्यासाठी यू आकाराचं. दोघांत एक संच चालतो. शाई लावायला रबरी रोलर दोन, शाई पसरायला दोन गुळगुळीत फरश्या किंवा कडा घासलेल्या काचा, दोरी आणि कपड्यांचे चिमटे. शाई तेलाचीच घ्या. पाण्याची शाई आपल्या उन्हाळ्यात फरशीवरच सुकते आणि वहीला घामट हात लागले की मुखपृष्ठ पुसट होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला एक चक्कर मारलीत तर कागद, दोरा, पुठ्ठा हे सगळं एका फेरीत मिळतं.

मुखपृष्ठाला हातकागद घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांचा कागद घडी घातली तरी तुटत नाही आणि शाई छान पितो. फक्त गुळगुळीत बघून घ्या. खडबडीत कागदावर छाप ठिपक्याठिपक्यांची येते. हातकागदाची प्रचलित शीट २२ × ३० इंचांची, म्हणजे सुमारे ५६ × ७६ सेंटिमीटर. ५६ चे दोन भाग आणि ७६ चे चार केले की २८ × १९ चे आठ तुकडे होतात. आठ जण, आठ मुखपृष्ठं. प्रत्येकाला तीन छापा काढता याव्यात म्हणून तीन शीट आणा. आतल्या पानांना १०० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज किंवा मॅपलिथो कागद त्याच मापाचा घेतला तर एका शीटमधून एक वही होते.

पहिला रविवार : चित्र उलटं करणं

टेबलं दोन मांडा. एक शाईचं, एक कोऱ्या कागदाचं. शाईचं बोट कोऱ्या टेबलावर येणार नाही, हा नियम दिवसभर मोडू देऊ नका.

चित्र काढायला अर्धा तास पुरे. लोक बारीकसारीक तपशील भरायला बघतात, त्यांना थांबवा. मी सुरुवातीला नंदलाल बोस यांचं १९३० चं गांधीजींचं लिनोचित्र दाखवतो. काठी घेऊन चालणारे बापू, सगळी पार्श्वभूमी काळी आणि माणूस फक्त पांढऱ्या रेघांचा. हातातलं पातं पांढरी रेघ काढतं, काळी नाही, हे त्या चित्रावरून लगेच पटतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेले लोक पेन्सिलीच्या छटा काढायच्या सवयीने येतात. त्यांना काळ्या जाड मार्करने चित्र काढायला लावा. मार्करने जमत नाही ते लिनोवरही जमणार नाही.

छापताना डावं-उजवं बदलतं. चित्रात बहुधा बिघडत नाही, अक्षरात बिघडतं, आणि आपल्याकडे प्रत्येकाला वहीवर नाव हवंच असतं. म्हणून अशी सवय लावा: चित्र बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, कागद पालथा करून पेन्सिलीची बाजू लिनोवर ठेवायची, पाठीमागून नखाने किंवा चमच्याने घासायचं. चित्र आपोआप उलटं उतरतं. डोक्यात उलटं करायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. कोरण्याआधी लिनो आरशासमोर धरायचा. आरशात नाव सरळ वाचता आलं तरच पातं हातात घ्यायचं. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून. तेवढे श्लोक उलटे कोरणाऱ्या कारागिराचा विचार करून आपली चार अक्षरं जपून कोरा.

देवनागरीत एक अडचण खास आहे. एका ताईंनी ‘आठवणी’ हा शब्द उंच ठेवून भोवतालचा भाग काढायला घेतला. ठ च्या पोटातलं वर्तुळ काढताना पातं सटकलं आणि अक्षराची भिंतच गेली. मग उरला नुसता दांडा. नवख्या माणसाने अक्षराच्या भोवतीचं कोरू नये, अक्षरच कोरावं. व्हीच्या पात्याने एक रेघ, की काळ्यावर पांढरं अक्षर तयार. शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढा. आधी ओढली तर खालचे दांडे तिच्यात घसरतात.

कोरणं

पात्याच्या पुढे बोट येता कामा नये. हे मी सुरुवातीला सांगतो, जेवणानंतर पुन्हा सांगतो, आणि तरी कुणाचा तरी डावा हात लिनोची पुढची कड धरायला जातोच. त्यावर उपाय साधा आहे. फळीच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक लाकडी पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो अडतो. मग धरायला पुढे हात न्यावाच लागत नाही. सुतार अर्ध्या तासात आठ करून देतो आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. हत्यार बोथट झालं तर लगेच बदला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच सटकतो.

पातं उभं धरू नका, जवळजवळ आडवं धरा. खोली मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुरते. मागचं तागाचं कापड दिसलं तर फार खोल गेलात. वळण घेताना हात न वळवता लिनो फिरवा. चकतीवर मडकं फिरतं तसा लिनो फिरतो आणि पातं जागच्या जागी राहतं, हे एकदा जमलं की वळणं गोल येऊ लागतात. मोकळ्या जागेत पात्याच्या बारीक रेघा उंच राहतात आणि छापेत उमटतात. त्या सगळ्या साफ करायची घाई करू नका, त्यांनी हाताचं काम दिसतं. मला त्या आवडतात.

मधेच चाचणी घ्यायची असेल तर शाई नको. लिनोवर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा घासा. काय राहिलंय ते दिसतं.

शाई आणि छाप

शाई सुपारीएवढी घ्या. फरशीवर रोलरने आधी उभी, मग आडवी ओढत पसरा. किती झाली हे डोळ्यांनी कळत नाही, कानाने कळतं. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली, पाऊस सुरू होताना पत्र्यावर येते तशी, म्हणजे थर बरोबर आहे. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे, बारीक रेघा भरून जातील. आवाजच नसेल तर कमी आहे. आठही जणांना डोळे मिटून हा आवाज ऐकायला लावा.

लिनोवर पातळ थर तीन-चार वेळा द्या, दर वेळी रोलर फरशीवर फिरवून. पहिली छाप नेहमी फिकी येते, कारण लिनो शाई पितो. ती रद्दीच्या कागदावर काढा.

हातकागद जाड असेल तर मागून ओल्या स्पंजने हलकेच पुसून प्लॅस्टिकमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ओलसर कागद शाई सहज उचलतो. पाणी दिसायला मात्र नको.

आता मुखपृष्ठाची जागा. २८ सेंटिमीटरचा कागद मधोमध दुमडला की उजवा अर्धा भाग पुढचं मुखपृष्ठ होतो. दर वेळी एक-दोन जण डाव्या भागावर छापतात आणि चित्र वहीच्या मागे जातं. म्हणून टेबलावर पुठ्ठा चिकटवून त्यावर कागदाचे कोपरे आणि लिनोची जागा पेन्सिलीने आखून ठेवा. शाई लावलेला लिनो खुणेवर ठेवायचा, शाईची बाजू वर. कागद पालथा करून खाली टेकवायचा, म्हणजे छपाईची बाजू खाली जाते. तेव्हा खुणा आखताना लिनो डाव्या अर्ध्या भागाखाली यायला हवा. कागद उचलून उलटला की चित्र उजवीकडे येतं. आदल्या दिवशी कोऱ्या कागदावर स्वतः करून बघा, नुसतं वाचून माझाही गोंधळ झाला होता.

यंत्राची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डावाची फुगीर पाठ उत्तम काम देते. कागदावर बटर पेपर ठेवा, एका हाताने कागद दाबून धरा आणि मधून कडेला छोटे छोटे गोल करत घासा. कडा आणि कोपरे विसरू नका. कागद उचलण्याआधी एक कोपरा हलकेच वर करून बघायचा. फिकं वाटलं तर कोपरा खाली सोडून पुन्हा घासायचं. कागद हलला नाही तर हे कितीही वेळा करता येतं.

पहिली चांगली छाप लिनोपासून सुटताना होणारा तो चिकट, हळू आवाज आणि मग खोलीत पडणारी शांतता, यासाठी मी ही कार्यशाळा घेत राहतो.

छापा चिमट्याने दोरीला टांगा, आठवडाभर. फरशी, रोलर आणि लिनो साफ करायला रॉकेल वापरू नका. साध्या गोडेतेलाने शाई सुटते, मग साबणाच्या पाण्याने पुसा. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. शाईतलं जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गच्च बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून फेका.

दुसरा रविवार : कागदाचा कल

शिवायला बसण्याआधी मी बाजारातली लाल कापडी चोपडी आणतो, दिवाळीत वहीपूजनाला घेतात ती, आणि तिच्या घडीतला पांढरा दोरा सगळ्यांना दाखवतो. आपल्याकडे पोथी सुटी पानांची, कापडात बांधलेली. बाड शिवलेलं. पेशवे दफ्तरातले कागद तर रुमालातच बांधलेले. शिवलेली वही आपल्या ओळखीचीच आहे, फक्त शिवताना कुणी पाहिलेली नसते.

यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने लोळलेले असतात. त्याला छपाईच्या धंद्यात ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर कागद गुमान वळतो, आडवी घातली तर घडीवर फाटल्यासारखा भेगाळतो आणि वही उघडी राहत नाही. ओळखायचं कसं? मोठी शीट न मोडता एकदा लांबीच्या, एकदा रुंदीच्या दिशेने वळवून तळव्याने दाबा. ज्या बाजूला समांतर वळण पडताना विरोध कमी, त्या बाजूने ग्रेन. दुकानातला ए४ कागद बहुधा लांबीच्या ग्रेनचा असतो, म्हणून तो मधोमध दुमडून वही केली की घडी आडवी येते. नवखे लोक इथेच फसतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात.

२२ × ३० ची शीट लांब बाजूच्या ग्रेनची असेल तर वर सांगितलेले २८ × १९ चे आठ तुकडे बरोबर येतात, घडी १९ सेंटिमीटरच्या बाजूने पडते. ग्रेन आखूड बाजूने निघाला तर दोन्ही बाजूंचे तीन-तीन भाग करा. सुमारे २५ × १८.५ चे नऊ कागद मिळतील. वही थोडी लहान होईल, मुखपृष्ठही तेवढंच कापा. हातकागदात असा ठळक ग्रेन नसतो, त्यामुळे त्याची काळजी नको.

आठ कागद एकदम दुमडू नका. चार-चार दुमडा, घडी चमच्याच्या पाठीने दाबून बसवा, मग एकात एक घाला. वरून मुखपृष्ठ. कडा वरून आणि खालून टेबलावर ठोकून सारख्या करा. बाहेरच्या बाजूला आतली पानं दोन-तीन मिलिमीटर पुढे येतील. येऊ द्या, ती शेवटी कापायची आहेत.

भोकं आणि शिलाई

१९ सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी घ्या आणि वरून १.५, ५.५, ९.५, १३.५ आणि १७.५ वर खुणा करा. ही पट्टी घडीच्या आत ठेवा. जुनी टेलिफोन डिरेक्टरी किंवा जाड पुस्तक मधोमध उघडून तिच्या खळग्यात वही ठेवा आणि खुणेवर टोच्याने आतून बाहेर भोक पाडा. टोच्या तिरपा गेला तर भोक घडीच्या बाहेर पडतं आणि शिवण वाकडी दिसते. वही खळग्यात नीट बसली की टोच्या आपोआप सरळ जातो.

दोरा गोधडी शिवायचा, जाड सुती. वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणावरून दोनदा ओढा. दुहेरी नाही, एकेरीच. भोकांना वरून एक ते पाच असे आकडे मनात धरा.

१. आतून सुरुवात. तीन नंबरमधून बाहेर या. आत दहा सेंटिमीटर शेपूट सोडा आणि अंगठ्याने दाबून धरा.
२. बाहेरून दोनमध्ये आत.
३. एकमधून बाहेर.
४. बाहेरूनच परत दोनमध्ये आत.
५. आतल्या बाजूने तीनला ओलांडून सरळ चारमधून बाहेर.
६. पाचमध्ये आत, आणि आतून परत चारमधून बाहेर.
७. बाहेरून तीनमध्ये आत.

आता दोन्ही टोकं तीन नंबरपाशी, आतल्या बाजूला आहेत आणि मधून दोन ते चारचा लांब दोरा गेला आहे. एक टोक त्याच्या एका अंगाला, दुसरं दुसऱ्या अंगाला ठेवा. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर अशी सपाट गाठ मारा, तो लांब दोरा गाठीत पकडून. दोन वेळा उजवं डाव्यावर घेतलं तर गाठ सरकते. टोकं दीड सेंटिमीटर ठेवून कापा.

दोन, तीन आणि चार या भोकांतून सुई दोनदा जाते. दुसऱ्या वेळी ती आधीच्या दोऱ्यात घुसली तर शिवण ताणता येत नाही. म्हणून पहिला दोरा बोटाने बाजूला ओढून मगच सुई घाला. दोरा ताणायचा तो घडीच्या दिशेने, वर-खाली. आडवा ओढला की भोक फाटतं. धावदोरा घालणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. एकदा एका आजींनी माझी सगळी वाक्यं संपायच्या आत शिवण पूर्ण केली आणि शेजारच्या इंजिनिअर मुलाला शिकवायला घेतली.

शेवटी स्टीलची पट्टी घट्ट दाबून नव्या पात्याच्या कटरने पुढची कड कापा. एका झटक्यात नाही, दहा-बारा हलक्या घावांत. कापलेल्या पट्ट्या फेकू नका, वाचनखूण होते.

पुठ्ठ्याची बांधणी?

कुणीतरी विचारतंच. पहिल्या कार्यशाळेत ती घेऊ नका. त्यासाठी खळ लागते आणि खळ लावलेला पुठ्ठा वजनाखाली रात्रभर ठेवला नाही तर केळीच्या पानासारखा वळतो. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी कृती एवढीच: एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा, गाळून गार करा. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर घालू नका. खळ फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

कोरलेले लिनो ज्याचे त्याला परत द्या आणि सपाट, सावलीत ठेवायला सांगा. उभा ठेवला तर तो वाकतो आणि वाकलेला लिनो छापताना मधोमध फिका येतो. नीट ठेवलेल्या एका लिनोवर आणखी कितीतरी मुखपृष्ठं निघतात.